ओठाच्या आतली चामखीळ: सोलापुरात नेमकं कुणाला दाखवायचं?

टॉवेलवाला

नाव सांगणार नाही, समजून घ्या. वय २९. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग-पॅकिंग बघतो. काम काय, तर दिवसभर टॉवेल उजेडात धरायचा आणि कुठं धागा सुटलाय, कुठं लूप उपसलाय ते शोधायचं. नजर तयार आहे माझी. तरी स्वतःच्या ओठात काय उगवलंय ते कधी दिसलं नाही.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मित्रांबरोबर जेवायला बसलो होतो. कडक भाकरी मोडून खाताना खालचा ओठ आतून चावला गेला. रक्त आलं, वर शेंगाचटणी लागली, डोळ्यांत पाणीच आलं. घरी येऊन मोबाईलची बॅटरी लावून ओठ उलटा केला तर डाव्या बाजूला, सुळ्याच्या समोर, तीन बारीक उंचवटे. एक ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन मोहरीएवढे, एकमेकांना चिकटून. रंग ओठासारखाच, जरा फिकट. पण वरून गुळगुळीत नाहीत. टेरीचे लूप वरून कापले की कसं बारीक बारीक उभं राहतं, तसं. दुखत नाही, खाजत नाही. जीभ मात्र सारखी तिथंच जाते.

आता खरी गोष्ट. दीड-दोन वर्षांपूर्वी पुण्यात कामाला होतो तेव्हा एका मैत्रिणीशी संबंध होते. ओरल सेक्सही होता. त्याला काही लावावं लागतं हे तेव्हा डोक्यातच नव्हतं, गरोदरपणाची भीती नाही म्हणजे कसलीच भीती नाही असं वाटायचं. ते संपलं, मी गावी परत आलो. आता साखरपुडा झालाय, वैशाखात लग्न आहे. रात्री नेटवर शोधायला बसलो तर पहिल्या पानावर गुप्तरोगाची चामखीळ आणि दुसऱ्या पानावर थेट कॅन्सर. मग झोप कसली.

गेल्या आठवड्यात एका दवाखान्यात गेलो, नाव घेत नाही. डॉक्टरांनी दार उघडं ठेवूनच विचारलं, "बाहेर कुठं जाता का?" बाहेर बाकड्यावर आमच्या गल्लीतल्या काकू बसलेल्या. मी नाही म्हणालो. दोन मिनिटांत बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल घेऊन बाहेर. एका भिंतीवर "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" असं रंगवलेलं असतं, त्या नंबरलाही फोन केला. त्याने न बघता साडेसहा हजारांचा कोर्स सांगितला.

हे तेच आहे का? कॅन्सर होतो का? होणाऱ्या बायकोला सांगावं लागेल का? आणि दाखवायचं कुणाला, दातवाल्याला, कातडीवाल्याला की नाक-कान-घशाला?

चुनाडबी

काय बे, एवढ्याला काय घाबरतो. चामखीळच आहे ना. माझ्या मानेवर होती, आज्जीनं चुना आणि पापडखार लावला, चार दिवसांत गळून पडली. नाहीतर घोड्याच्या शेपटीचा केस बांध, वरातीच्या घोडेवाल्याकडं माग. फुकट देतो.

दाढदुखी

चुनाडबी, तुमच्या आज्जीला नमस्कार, पण हे मानेपुरतंच ठेवा. तोंडाच्या आतलं अस्तर मानेच्या कातडीसारखं राठ नसतं. तिथं चुना-पापडखार लावला तर चामखिळीआधी ओठ भाजतो. मावा धरून धरून गालफडाचं काय होतं ते मी रोज बघते. मेडिकलमध्ये हातापायाच्या चामखिळीचं जे औषध मिळतं, सॅलिसिलिक अॅसिडचं, तेही तोंडासाठी नाही. आणि दोऱ्याने बांधून, ब्लेडने खरवडून किंवा नखाने उपटून तर अजिबात नको. रक्त येतं, जंतू शिरतात आणि चामखीळ शेजारी पसरू शकते.

मी दातांची डॉक्टर, जुळे सोलापुरात बसते. टॉवेलवाले भाऊ, न बघता निदान करणाऱ्याला तुम्ही आत्ताच नावं ठेवलीत, तेव्हा मीही करणार नाही. पण तुम्ही वर्णन फार चांगलं केलंय, माझे इंटर्नसुद्धा इतकं नीट लिहीत नाहीत. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आधी भीती कमी करू. "तोंडात काहीतरी उगवलंय" म्हणून घाबरून येणाऱ्यांत कितीतरी जणांना काहीच झालेलं नसतं. जिभेच्या अगदी मागे आठ ते बारा मोठे गोल दाणे इंग्रजी व्ही आकारात असतात, ते सगळ्यांनाच असतात. गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर एक टोकदार उंचवटा असतो, ते लाळेच्या नळीचं तोंड. ओठात-गालात बारीक पिवळट दाणे दिसतात, त्या तेलग्रंथी. माणूस आयुष्यात पहिल्यांदा बॅटरी लावून बघतो आणि त्याला वाटतं हे कालच आलं.

खालच्या ओठात आणखी दोन गोष्टी नेहमी भेटतात. एक लाळेचा फोड: मऊ, निळसर, पाण्याने भरलेला, मोठा होतो, फुटतो, परत भरतो. दुसरी, सारखं चावून झालेली घट्ट गाठ, ती वरून गुळगुळीत असते. तुमचं दोन्हीसारखं नाही. खडबडीत, दुखत नाही आणि तीन एकत्र. हे ऐकून माझ्या मनात चामखीळ येते.

ती होते एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत आणि सगळा गोंधळ इथेच होतो. हाताच्या साध्या चामखिळीचे प्रकार वेगळे, २ आणि ४ हे त्यांतले नेहमीचे. नखं कुरतडणाऱ्यांच्या ओठात ते बोटावरून येऊ शकतात, लहान मुलांत तर बरेचदा तसंच असतं. गुप्तांगावर आणि ओरलमधून तोंडात चामखीळ आणणारे बहुतेक वेळा ६ आणि ११. घशाच्या कॅन्सरशी ज्याचं नाव मुख्यतः जोडलं जातं तो १६, आणि तो टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी काम करतो, सहसा चामखीळ न दाखवता. नेट या सगळ्यांना एकाच पोत्यात भरतं. ६ आणि ११ मुळे आलेली चामखीळ कॅन्सर होत नाही असंच जवळजवळ नेहमी असतं. तरीही ती काढून तपासायला पाठवायची, कारण डोळ्याला चामखीळ वाटणारं दुसरंच काही निघू शकतं. विशेषतः आपल्याकडे.

हे "आपल्याकडे" जरा ताणून सांगते. तुम्ही मावा, गुटखा, तंबाखू, मिश्री यांतलं काही घेता का? सोलापुरात विचारावंच लागतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तोंडात मात्र अजून दिसतो. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, उभी तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं तोंड कमी उघडणं, हे असेल तर मला चामखिळीपेक्षा त्याची जास्त काळजी वाटेल. आणि मजा बघा, त्या चट्ट्याची कुणाला लाज वाटत नाही. लोक दहा वर्षं तो घेऊन फिरतात. लाज वाटते ती ह्या दाण्याची.

अजून एक. बोटांना चामखीळ आहे का? नखं किंवा धागे दातांनी तोडता का?

कुणाला दाखवायचं? तोंडाचे आजार बघणारा दंतवैद्य, ओरल सर्जन, नाक-कान-घसावाले किंवा त्वचारोगतज्ज्ञ, कुणीही चालेल. ओठातलं आहे म्हणून दातवाल्याकडे सोपं पडेल. पण त्वचा-गुप्तरोगवाल्यांना एकदा भेटाच, कारण बाकी तपासण्या त्यांच्याकडे होतात. एक लैंगिक आजार असला की दुसरा शोधायचा हा साधा नियम आहे. सिफिलिसमध्येही तोंडात चामखिळीसारखे दिसणारे चट्टे येतात, आणि तो इंजेक्शनने बरा होतो. सुटला तर मात्र महाग पडतो.

पूर्वी_मीही

दादा, मी याच रस्त्याने जाऊन आलोय. पाच वर्षं झाली. माझं टाळूवर होतं, पडजिभेच्या जरा अलीकडे. मला कळलंही नव्हतं, दाढ काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांना दिसलं.

नायट्रोजनने गोठवून काढलं. कापूस लावलेली काडी टेकवतात, आधी गार लागतं, मग चटका. दुसऱ्या दिवशी फोड, आठवड्यात साफ. दोन महिन्यांनी त्याच जागी परत एक दाणा. तेव्हा मी हबकलो होतो, खोटं कशाला बोलू. पण परत येणं हे त्यात धरलेलंच असतं. काढतात ती चामखीळ, विषाणू आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही थोडा राहतो. त्याला मारायची गोळी नाही, आपलं शरीरच हळूहळू त्याला दाबतं. मला सांगितलं होतं की बहुतेकांचा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरतो. दुसऱ्यांदा काढल्यावर माझं आजपर्यंत परत आलेलं नाही.

सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. आपल्या सिव्हिलमध्ये त्वचा-गुप्तरोग विभाग आहे. सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी "सुरक्षा क्लिनिक" अशी पाटी असते, तिथे समुपदेशक बसतात आणि एचआयव्ही, सिफिलिसची तपासणी फुकट होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुमची संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही आणि निकाल गावभर सांगता येत नाही. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ या एचआयव्ही-एड्सच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, नाव विचारत नाहीत. मला ती चाचणी करायला चामखिळीपेक्षा जास्त भीती वाटली होती. पण ज्यांची प्रतिकारशक्ती कमी असते त्यांना तोंडात अशा चामखिळी जास्त येतात, म्हणून ती करावी लागते. माझी निगेटिव्ह आली.

आणि त्या पुण्याच्या मैत्रिणीला मनात शिव्या घालत असशील तर थांब. मी घातल्या होत्या.

टॉवेलवाला

मावा सोडून तीन वर्षं झाली मॅडम, चट्टा नाही, तीन बोटं जातात (आत्ता करून बघितलं). उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ एक चामखीळ आहे, लहानपणापासून. आणि धागा दातांनी तोडायची सवय आमच्या खात्यात सगळ्यांनाच आहे, कातर कुठं शोधत बसायची.

म्हणजे हे बोटावरूनही आलेलं असू शकतं? आईशप्पथ, तसंच असू दे.

दाढदुखी

असू शकतं. पण लग्न ठरलंय म्हणून तेच असावं असं तपासणी ठरवत नाही. बोटावरून आलेली चामखीळ बहुधा वरून पांढरट, टणक लागते. तुम्ही ओठाच्याच रंगाची, जरा फिकट म्हणताय, तीन एकमेकांना चिकटून. काढा, तपासायला पाठवा, मग बोलू.

ताट, पेला, टॉवेल वेगळे करत बसू नका, घरी कुणाला काही होणार नाही. जागा बरी होईपर्यंत खोल चुंबन आणि ओरल बंद. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण हा विषाणू कातडीला कातडी लागून जातो आणि कंडोम सगळी कातडी झाकत नाही.

टॉवेलवाला

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा.

एका ओरल सर्जनकडे काढून घेतलं. ओठात भुलीचं इंजेक्शन, तेच काय ते दुखलं. मग चिमट्याने ओठ ओढून धरला आणि तिन्ही दाणे मुळासकट कापून एका बाटलीत टाकले. खाली रक्त थांबवायला तार टेकवून जाळलं. आमच्याकडे धाग्यात भेसळ आहे का बघायला धागा जाळून वास घेतात. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा, लोकर असेल तर केस जळाल्यासारखा. हा दुसरा वास होता, आणि तो माझ्याच ओठातून येत होता. डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी मास्क घट्ट केला, धुरातून विषाणू जाऊ शकतो म्हणाले. दोन टाके, आपोआप विरघळणारे. तीन दिवस दूधभात आणि थंड ताक. शेंगाचटणीकडे नुसतं बघत बसलो.

रिपोर्ट सहा दिवसांनी आला. वर इंग्रजीत मोठं नाव, कॉन्डिलोमा, म्हणजे लैंगिक संबंधातून येणारी ती एचपीव्हीची चामखीळ. खाली कोइलोसाइट दिसल्या असं, म्हणजे विषाणूने फुगवलेल्या पेशी. डिस्प्लेजिया नाही. हा शेवटचा शब्द डॉक्टरांनी पेनाने गोल करून दिला आणि म्हणाले, कॅन्सरकडे जाणारं काही नाही. म्हणजे बोटावरून नाही, तिकडूनच.

सिव्हिललाही गेलो. तपासणाऱ्या बाईंनी आधी दार लावलं, मग विचारलं. एवढंच. पण मला त्या दार लावण्याचं फार वाटलं. खालीही तपासलं, तिथे काही नाही. एचआयव्ही निगेटिव्ह, व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) निगेटिव्ह, तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

त्यांना विचारलं, रक्तातून एचपीव्ही गेला का ते कळेल का? तशी चाचणीच नाही म्हणाल्या. मग विचारलं, हे पुण्याच्या मैत्रिणीकडूनच आलं का, की तिच्याही आधीचं? तर म्हणाल्या, संसर्गानंतर काही आठवड्यांत उगवतं, कधी कित्येक महिने गप्प बसून मग उगवतं. तिला स्वतःला काही दिसलंही नसेल. तारीख काढता येत नाही. मी रोज टॉवेलमधला दोष बघून सांगतो की हा कुठल्या मागावरचा आणि कुठल्या पाळीतला. इथं ते चालत नाही.

पुण्याच्या मैत्रिणीला मेसेज केला. चार वेळा लिहून खोडला, पाचव्यांदा पाठवला. "मला असं असं निघालं, तूही एकदा डॉक्टर बाईंना दाखवून घे." तिने "बरं केलंस सांगितलंस" एवढंच लिहिलं.

होणाऱ्या बायकोचं राहिलंय. पोटात गोळा येतो. ती २५ ची आहे.

पूर्वी_मीही

सांग. लग्नानंतर परत उगवलं आणि तेव्हा सांगितलंस तर ते फसवणूक वाटेल. घरच्यांना मध्ये घेऊ नको, तिला एकटीला सांग. आणि रिपोर्ट बरोबर ने.

दाढदुखी

तिचं वय २५ आहे तर एक कामाची गोष्ट. एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली, ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर, ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी. १५ च्या आत सुरू केली तर दोन डोस, नंतर तीन, सहा महिन्यांत मिळून. पहिला डोस लग्नाआधी झाला तर बरंच. लस आधीच उगवलेली चामखीळ घालवत नाही, म्हणून तुमच्यासाठी हा उपचार नव्हे. पुढे वयाप्रमाणे गर्भाशयमुखाची तपासणी तिने तशीही करायचीच आहे, तुमचं काही असो नसो. गुप्तांगावर कधी दाणे दिसले तर दोघांनीही लगेच दाखवायचं.

घरात ९ ते १४ चे भाचे-पुतणे असतील तर त्यांच्या आईवडिलांच्या कानावर घाला. लोकांना वाटतं ही फक्त मुलींची लस आहे.

टॉवेलवाला

रविवारी संध्याकाळी कंबर तलावावर सांगितलं. रिपोर्ट घडी करून खिशात होता, घामाने ओला झाला. सगळं सांगितलं, पुणं पण. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. पहिला प्रश्न काय विचारावा? "अजून दुखतंय का?" मी नाही म्हणालो. मग म्हणाली मला घरी सोड.

तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी मेसेज, "लसीचे तीन डोस कुणाच्या पैशाने?" मी म्हणालो माझ्या. "ते तर आहेच. आणि ते पुण्याचं एकदा सगळं पहिल्यापासून सांगायचं, तुकड्या-तुकड्यानं नाही." आता पहिला डोस पुढच्या शनिवारी. तिच्या आईला कॅन्सरची लस एवढंच सांगितलंय, ते खोटंही नाही.

ओठ ठीक आहे. आरशात बघायची सवय मात्र गेली नाही, रोज बॅटरी लावतो.

दाढदुखी

रोज नको, महिन्यातून एकदा बघा. रोज बघितलं की रोज काहीतरी दिसतं. आणि कातर विकत घ्या.

नवखा_सोलापूर

हा धागा तीनदा वाचला. माझ्या जिभेखाली असंच काहीतरी आहे, एकच आहे, देठावर लोंबतंय. सिव्हिलला जायचं ठरवलंय. केसपेपरला काय सांगायचं? तिथंच सगळ्यांसमोर विचारतात का?

टॉवेलवाला

खिडकीवर फक्त "कातडीचा विभाग" म्हण, पुढं काही विचारलं नाही मला. मी साडेआठला पोचलो होतो तरी पुढं पंधरा-वीस माणसं होती, तेव्हा सुट्टीच टाक. आधारकार्ड आणि पाण्याची बाटली ने. आणि निघण्याआधी दात घास बे, मी गडबडीत विसरलो होतो आणि बाईंनी तोंड उघडायला सांगितल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं.